जाहिरात बंद ठेवून पाहिलीत का?

दुबईत क्लास किंवा केटरिंग चालवत असाल, तर गूगलवरच्या जाहिरातींची ‘स्प्लिट टेस्ट’ तुम्हाला कुणीतरी सुचवली असेल. निम्म्या शोधांना एक मथळा, निम्म्यांना दुसरा. ज्यावर क्लिक जास्त, तो जिंकला. तुलना चोख, पण प्रश्न अर्धाच. जाहिरातच नसती, तर तो ग्राहक आला नसता का?

ईबेने 2012 मध्ये याहू आणि एमएसएनवर हे तपासलं. स्वतःच्या नावाच्या शोधांवरच्या जाहिराती थांबवल्या, तर गमावलेल्या क्लिकपैकी 99.5 टक्के खालच्या फुकट निकालांतून परत आले. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा उपयोग दिसला तो नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरता. म्हणून आधी तपासायची ती तुमच्याच नावावरची जाहिरात.

मात्र ‘दुबईत चालू, शारजात बंद’ ही वाटणी इथे फसते. कितीतरी लोक राहतात शारजात आणि नोकरी करतात दुबईत. तोच माणूस दोन्हीकडून शोधतो. शिवाय 2022 पासून शारजाच्या सरकारी कार्यालयांना शुक्रवार ते रविवार सुट्टी, तर दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम. त्यापेक्षा कोणते आठवडे बंद ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, रमजान आणि ईद वगळा, आणि क्लिक नव्हे, ऑर्डरी मोजा.

खर्चाच्या टक्केवारीवर फी घेणारी एजन्सी ही चाचणी आपणहून सुचवेल, अशी आशा धरू नका. दिरहम तुमचे आहेत. प्रश्नही तुम्हीच विचारायला हवा.