२० किलोमीटर, ९ मिनिटे आणि अर्धा सेकंद

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज मोटार आदळली. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता. पोलिसांच्या हवाल्याने बातम्यांत एक गणित आले : २० किलोमीटर अंतर ९ मिनिटांत, म्हणजे ताशी सुमारे १३३ किलोमीटर वेग.

भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ तपासायला हवा. घड्याळातली वेळ मिनिटांतच नोंदली असेल, तर ‘९ मिनिटे’ म्हणजे ८ ते १० मिनिटांमधले काहीही. मग उत्तर ताशी १२० ते १५० यांमध्ये कोठेही येते. शिवाय ही सरासरी आहे. धडकेच्या क्षणी वेग किती होता, हे तिच्यावरून कळत नाही.

ते कळले नव्या तंत्रज्ञानामुळे. अशा मोटारीत शेवटच्या काही सेकंदांची नोंद साठवली जाते. कंपनीने पोलिसांना दिलेल्या अहवालानुसार धडकेच्या ५ सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, धडकेच्या वेळी ८९.

यावरून ‘ब्रेक ५ सेकंद आधी दाबले’ असेही लिहिले गेले. आपण पडताळून पाहू. ताशी ११ किलोमीटरची घट म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर. कोरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबले, तर वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो. तसे झाले असते, तर ताशी १०० किलोमीटर (सेकंदाला २८ मीटर) वेगाची मोटार ४ सेकंदांतच थांबली असती. म्हणजे जोराचा ब्रेक लागला असेल, तर तो जेमतेम अर्धा सेकंद आधी. चाके जखडू न देणारे उत्तम ब्रेकही तेवढ्या वेळात फार काही करू शकत नाहीत. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.८९ चा वर्ग ०.७९. म्हणजे धडकेच्या वेळी ७९ टक्के ऊर्जा शिल्लकच होती.

ताशी ८९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २५ मीटर. सुमारे ३१ मीटर, म्हणजे दहा मजले उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर याच वेगाने आपटते. पट्टा बांधलेला प्रवासी मोटारीचा पुढचा भाग चेपत असताना तिच्यासोबत थांबत जातो. पट्टा नसलेला त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या आसनावर आदळून काही सेंटिमीटरांत थांबतो. हवेची पिशवी ही पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. सहा पिशव्या सक्तीच्या कराव्यात का, यावर २०२२ मध्ये बरीच चर्चा झाली. मागच्या आसनावरील पट्ट्याचा नियम मात्र आधीपासूनच होता.

नव्या सोयींचा धोकाही येथेच आहे. शांत, न हादरणाऱ्या मोटारीत वेग जाणवत नाही आणि सुरक्षिततेच्या भरवशावर तो वाढत जातो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतली वेगाची उदाहरणे अंतराला वेळेने भागून संपतात. उत्तरात किती चूक संभवते, हे ती विचारत नाहीत. बोईसर-तारापूरच्या शाळांना रस्त्यावरच्या मालमोटारी रोज दिसतात. कुंपणाच्या आत उभे राहून मुलांना ५० मीटर अंतरावरच्या दोन खांबांमधली वेळ मोजू द्या. ३ सेकंद आले तर वेग ताशी ६० किलोमीटर. मग विचारा : घड्याळाचे बटण ०.३ सेकंद उशिरा दाबले गेले असेल तर? उत्तरात ताशी सुमारे सहा किलोमीटरांचा फरक पडतो. हे ज्याने स्वतः काढले, तो छापील १३३ हा आकडा तपासल्याशिवाय स्वीकारणार नाही.