पाऊस तीन हजार मिलिमीटर, तरी टँकर

शेजारचा मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर का लागतो? चॅटजीपीटीने झटक्यात सांगितलं: सच्छिद्र जांभा, तीव्र उतार, आखूड नद्या. सगळं बरोबर. मी विचारलं, "मग तुमची विहीर आटते आणि पऱ्याकाठची नाही, ते का?" त्याने तोही प्रश्न टाइप केला. उत्तर तितकंच सफाईदार आलं, विहीर न बघता दिलेलं.

एआयमुळे विद्यार्थ्यांची विश्लेषणक्षमता वाढेल, असं हल्ली फार ऐकू येतं. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांवर झालेला गणिताचा प्रयोग मात्र वेगळं सांगतो. जीपीटी-४ हाताशी असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग परीक्षेत ते काढून घेतलं, तेव्हा ती एआय न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाचा एआय थेट उत्तर न देता फक्त इशारे देई. त्या गटाची सरावात १२७ टक्के सुधारणा झाली, परीक्षेतली घसरणही टळली. पण ती मुलं पुढेही गेली नाहीत, हे सांगायचं राहून जातं. ही शाळेतली मुलं होती, हे खरं. पण कॉलेजात गेल्यावर मोह कमी होतो असं थोडंच आहे?

ओपनएआयने जुलै २०२५मध्ये आणलेला 'स्टडी मोड' असाच प्रश्न विचारत शिकवतो. कल्पना चांगली आहे. पण तो हवा तेव्हा बंद करता येतो. सबमिशन उद्या सकाळी असेल, तर रात्री किती जण तो चालू ठेवतील?

मी एआयविरोधी नाही. रोज त्याच्याकडून कोड लिहून घेतो. मात्र बग कुठे आहे याचा स्वतःचा अंदाज न बांधता त्याला विचारलं, की दुरुस्ती मिळते आणि मी होतो तिथेच राहतो. आधी माझा अंदाज मांडून "यातल्या चुका काढ" म्हटलं, तर शिकायला मिळतं. क्रम महत्त्वाचा. आपण कुठे चुकलो हे कळायला आधी काहीतरी ठामपणे म्हटलेलं असावं लागतं.

मुलाला तेच सांगितलं. त्याने वहीत आधी अंदाज लिहिला, मग दोरीला दगड बांधून आठ विहिरींचं पाणी मोजलं. दोन विहिरी अंदाजात बसेनात. एआयने भूगर्भातली कारणं सुचवली.

"पण दादा," तो म्हणाला, "त्या दोन्हींवर तेव्हा पंप चालू होता."