परिच्छेदाच्या कडेची रेघ

मुद्रित पानावर अक्षरांखेरीज जे जे असते, तेही वाचकाशी काही बोलत असते. ओळींमधील अंतर, समास, शीर्षकाखालची आडवी रेघ ही मुकी असली तरी अर्थहीन नव्हेत. अलीकडे पाठ्यपुस्तकांत व स्मरणिकांत परिच्छेदाच्या डाव्या अंगास एक जाड, बहुधा रंगीत अशी उभी रेघ आमच्या वारंवार पाहण्यात येते. या रेघेची चिकित्सा शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

उभी रेघ आपणांस नवी नाही. हस्तलिखित पोथीच्या दोन्ही बाजूंस रेघा आखून लेखनिक समास राखीत. तेथे रेघ मजकुराची मर्यादा सांगे. कोणत्याही एका ओवीस ती अधिक मान देत नसे. पुढे खिळ्यांच्या छपाईत रेघेसाठी धातूची पट्टी मापाने कापून बसवावी लागे, आणि मजकूर एका ओळीने वाढला की ती अपुरी पडे. या श्रमामुळेच रेघ जपून वापरली जाई.

डोनाल्ड कनुथ यांनी १९७७ मध्ये आरंभिलेल्या ‘टेक्’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीने तो श्रम नाहीसा केला. तीत उभ्या रेघेची उंची सांगितली नाही, तर ज्या आडव्या पेटीत ती ठेवावी त्या पेटीइतकी ती आपोआप वाढते. परंतु येथेच एक अडचण आहे. परिच्छेद व रेघ मिळून एकच पेटी केली, तर ती पानाच्या शेवटी दुभंगत नाही. सबंध परिच्छेद पुढील पानावर ढकलला जातो व मागे ओसाड जागा उरते. यावर लाटेक्‌मध्ये ‘फ्रेम्ड’ या संचातील ‘लेफ्टबार’ हा उपाय आहे. तो मजकूर पानागणिक तोडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेस नवी रेघ उभी करतो. तिची ठरीव जाडी ३ पॉइंट, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, आणि मजकुरापासूनचे अंतर १० पॉइंट असते. ‘टीकलरबॉक्स’ या संचात रंग, जाडी व अंतर ही सर्वच मनाजोगी ठरविता येतात. मात्र पेटी दुभंगण्याची अनुज्ञा तीत स्वतंत्रपणे द्यावी लागते.

ही मापे देवनागरीसाठी योजिलेली नाहीत, हे विसरून चालणार नाही. आपल्या लिपीत काना हीच एक उभी रेघ आहे; दंड हीही उभी रेघच. ‘विचार’, ‘किंवा’ अशा शब्दांनी ओळ सुरू झाली की ऱ्हस्व इकाराची काठी अगदी डाव्या कडेस येते. कडेची रेघ तिच्याच जाडीची व तिला खेटून असेल, तर डोळा क्षणभर अडखळतो. म्हणून रेघ काठीहून स्पष्टपणे जाड असावी, किंवा फिकट रंगाची असावी, आणि मध्ये पुरेशी मोकळी जागा असावी.

तथापि खरा प्रश्न मापाचा नसून विवेकाचा आहे. आमच्या शाळेसाठी व्याकरणाची एक पुस्तिका आम्ही स्वतः जुळविली, तेव्हा व्याख्या, नियम, उदाहरणे, अपवाद अशा सर्वांच्या कडेस हौसेने रेघा दिल्या. परीक्षेत मुलांनी रेघेलगतचे तेवढे अचूक लिहिले. नियमामागची कारणे मात्र रेघेविना उरलेल्या परिच्छेदांत होती, आणि ती कोणी वाचलीच नव्हती. दोष मुलांचा नव्हता. ‘येथे वाचा’ असे रेघेच्या भाषेत आम्हीच सांगितले होते, आणि ‘उरलेले सोडा’ हेही न बोलता सांगून बसलो होतो. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही रेघ केवळ उदाहरणांपुरती राखली.

यावरून एक कसोटी सुचवावीशी वाटते. रेघ काढून टाकली असता वाचकास काही समजण्याचे राहत असेल, तरच ती ठेवावी. मूळ ओव्या कोणत्या व त्यांवरील भाष्य कोणते, दुसऱ्याचे अवतरण कोठे संपते व लेखकाचा स्वर कोठे सुरू होतो, हे दाखविणारी रेघ सार्थ होय. एका ग्रंथात तिचा अर्थही एकच असावा. केवळ पान भरल्यासारखे दिसावे म्हणून ओढलेली रेघ मजकुरास शोभा तर देत नाहीच, उलट शेजारच्या निराभरण परिच्छेदाचा मान हिरावून घेते. रेघ ओढणे आज सोपे झाले आहे. ती न ओढण्याचा संयम तेवढा आपणांस नव्याने शिकावयाचा आहे.