सूक्ष्मऋणाची मराठी परिभाषा : एक परीक्षण

शहरांतील अल्प उत्पन्नाच्या धंदेवाल्यांना तारणावाचून दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांचा विचार मुख्यतः अर्थशास्त्राच्या अंगाने झालेला दिसतो. वस्तुतः कर्ज हा व्यवहार जितका पैशाचा तितकाच शब्दांचाही होय. देणारा अटी घालतो, घेणारा त्या मान्य करतो. आणि ही मान्यता खरी ठरावयाची तर अटींचा अर्थ घेणाऱ्याला उमगलेला असावा लागतो. हे तत्त्व भारतीय रिझर्व्ह बँकेनेही मान्य केले आहे. सूक्ष्मवित्तासंबंधी २०२२ साली दिलेल्या निर्देशांत तिने वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दिलेली तारणविरहित कर्जे ह्या सदरात घेतली आणि कर्जपत्रिकेतील नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत असाव्यात, अशी अट घातली. मराठी कर्जदारापुरता ह्या अटीचा अर्थ 'मराठीत' असा केला जाणे साहजिक आहे. परंतु कोणत्या मराठीत, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

बाजारातल्या मराठीत देण्याघेण्याची शब्दसंपत्ती मोठी काटेकोर आहे. 'उसने' म्हणजे जितके घेतले तितकेच परत करावयाचे, व्याजाचा प्रश्न नाही. 'उधार' ही प्रायः मालाची. 'कर्ज' म्हटले की मुद्दल आणि व्याज ही जोडी आलीच. 'भिशी'त प्रत्येकजण आळीपाळीने देणारा व घेणारा असतो. ह्या शब्दांची कुळे निरनिराळी आहेत : कर्ज, जामीन, वसूल हे अरबी, हप्ता हा फारसी, व्याज हा संस्कृत, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ 'मिष' किंवा 'कपट' असाही आहे. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने दरबारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बाजाराने मात्र आपले शब्द सोडले नाहीत. 'हप्ता' म्हणजे मूळचा आठवडा. अर्थविस्ताराने तो कोणत्याही मुदतीच्या परतफेडीला लागू झाला. साप्ताहिक वसुलीच्या सूक्ष्मऋणात तो शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परतला आहे. दंडेलीने उकळलेल्या रकमेलाही शहरात हाच शब्द असल्यामुळे पदपथावरील विक्रेत्याला मात्र त्याचे दोन अर्थ एकाच वेळी सांभाळावे लागतात.

ह्या शब्दांतील काटेकोरपणा हिशेबातही उतरतो. 'शेकडा दोन' म्हणजे शंभराला महिन्याचे दोन रुपये, वर्षाला चोवीस टक्के; हे अक्षरशत्रू कर्जदारही जाणतो. ह्याउलट 'फ्लॅट दर १२ टक्के' ही भाषा पाहावी. १०,००० रुपये एक वर्षासाठी ह्या दराने दिल्यास व्याज १,२०० रुपये होते व ११,२०० रुपये बारा समान हप्त्यांत फेडावयाचे असतात. परंतु मुद्दल पहिल्या हप्त्यापासूनच घटत जाते. उरलेल्या मुद्दलावर आकारणी केली, तर तोच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. म्हणजे ऐकताना निम्मा वाटणारा दर प्रत्यक्षात 'शेकडा दोन'च्या अगदी जवळ जातो. सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर दाखविणारे पत्रक कर्जदाराला द्यावे, असे उपर्युक्त निर्देश सांगतात. त्या पत्रकात 'वार्षिकीकृत टक्केवारी दर' असा शब्दशः घडविलेला प्रयोग छापला, तर नियम पाळला जाईल. अर्थ पोचेल असे नाही.

ह्याहून गंभीर प्रश्न कर्जदाराला दिलेल्या नावांचा आहे. योजनांच्या भाषेत तो 'लाभार्थी' असतो. व्याजासह रक्कम फेडणारा मनुष्य करारातील एक पक्ष होय. त्याला लाभार्थी म्हटले की देणारा आपोआप दाता ठरतो, आणि दात्याला प्रश्न विचारण्याचा प्रघात नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु', ५ लाखांपर्यंत 'किशोर' व १० लाखांपर्यंत 'तरुण' अशी नावे मिळाली. २०२४ साली त्यांत 'तरुण प्लस'ची भर पडली. ही रूपके उद्योगाच्या वाढीची आहेत, असे समर्थन करता येईल. परंतु प्रत्यक्षात मोजमाप होते ते रकमेचे. वीस वर्षे खानावळ चालविणाऱ्या बाईने खेळत्या भांडवलासाठी ४० हजार घेतले, तर तिचा धंदा शिशु ठरतो. नवखा माणूस ८ लाख घेऊन तरुण होतो.

तिसरा शब्द 'सदस्य'. समूहकर्जात एकीचा हप्ता चुकला तर इतरांनी तो भरावयाचा असतो. ह्या नात्याला मराठीत 'जामीन' हा जुना, धोक्याची जाणीव देणारा शब्द आहे. जामीन राहण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो. 'गटाची सदस्य' होताना तो विचार होईलच असे नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाविषयी तक्रारी वाढून राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. गटातील शेजारणींचा दबाव हेच जेथे वसुलीचे साधन असते, तेथे त्या दबावाचे खरे नाव आधी उच्चारले जाणे हा कर्जदाराचा हक्क ठरतो.

ह्यावरून सर्व नवे शब्द त्याज्य व सर्व रूढ शब्द ग्राह्य, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. 'फेरीवाला' ह्या शब्दाला उपद्रवाची छटा चिकटली होती. २०१४ च्या केंद्रीय कायद्यामुळे 'पथविक्रेता' ही संज्ञा आली आणि तिच्याबरोबर विक्री प्रमाणपत्राचा हक्क आला. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी सुरू झालेल्या योजनेचे पहिले कर्ज १० हजारांचे होते. तिच्या नावात 'निधी' हा शब्द असल्याने परतफेडीची गोष्ट झाकली जाते, हा दोष खरा. तथापि 'पथविक्रेता' ह्या शब्दाचे मोल त्याने कमी होत नाही. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या बायकांची संघटना उभारली. किराणा उधारीवर भरावयाचा आणि कामगारांकडून पैसे पगारानंतर यावयाचे, ह्या कोंडीतून बँकेच्या कर्जाने त्यांना वाट मिळाली. संघटनेचे नाव पडले 'अन्नपूर्णा महिला मंडळ'. 'खानावळवाली'ची 'अन्नपूर्णा' झाली ती ह्या बायकांच्या स्वतःच्या संघटनेत, कोणा देणाऱ्याच्या कचेरीत नव्हे.

तेव्हा परिभाषेची कसोटी जुने-नवे किंवा देशी-परके ही नव्हे. शब्द ज्याला लावला त्याला तो हक्क व जबाबदारी दोन्ही दाखवितो की नाही, हे पाहिले पाहिजे. 'पथविक्रेता' ह्या कसोटीला उतरतो, 'जामीन' उतरतो. 'लाभार्थी', 'शिशु' व केवळ 'सदस्य' उतरत नाहीत. कर्जपत्रिकेचा मराठी मसुदा छापण्यापूर्वी तो चार कर्जदारांकडून वाचवून घ्यावा, आणि एकूण किती फेडावयाचे व दुसरीने चुकविल्यास काय करावयाचे, हे त्यांच्या शब्दांत सांगावयास लावावे. त्यांनी वापरलेले शब्द मसुद्यात घालावे. परिभाषेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना कोशरचनेइतकेच हे कामही करता येण्यासारखे आहे, आणि त्याची गरज आज अधिक आहे.