शोधयात्रा आणि परतीची वाट

प्राचीन वीर काही मिळविण्यास निघतो, तर टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील (१९५४-५५) फ्रोडो हाती असलेली मुद्रिका नष्ट करण्यास निघतो, सबब येथे शोधयात्रेची परंपराच उलटली, असे मत पुष्कळदा मांडले जाते. हा भेद खरा, पण वरवरचा आहे.

एन्किडूच्या मृत्यूने हादरलेला गिल्गमेश अमरत्वाच्या शोधार्थ जातो. हाती आलेली तारुण्यदायी वनस्पती सर्प पळवितो. रिक्तहस्त परतलेला हा वीर ११ व्या मृत्तिकाफलकाच्या अखेरीस उर्शनबी नावाड्याला उरुकचा तट दाखवितो : त्याचा पाया, विटांचे काम, नगराचा विस्तार. काव्यारंभी निवेदकाने वाचकाला दाखविलेला तट तो हाच. पराभूताला परतण्यास नगर उरलेले असते.

फ्रोडोही अंतिम क्षणी ढळतोच. मुद्रिकेसह अग्नीत कोसळतो तो गॉलम. कार्य सिद्धीस जाते, शायर वाचतो; मात्र फ्रोडोच्या जखमा भरत नाहीत आणि तो समुद्रापार निघून जातो. टोल्किन १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर होता हे खरे; तथापि केवळ चरित्राने हा शेवट उलगडत नाही. गृहप्रवेश सॅमच्या वाट्यास येतो, आणि ग्रंथातील अखेरचे उद्गारही त्याचेच आहेत.