सांध्यातले ‘वंगण’ : एका उपमेची तपासणी

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातील एखाद्या वर्गात विचारून पाहा, ‘आजीचे गुडघे का दुखतात?’ ‘वंगण संपलं म्हणून!’ असे उत्तर बहुधा येईल. आजूबाजूला एमआयडीसीतले कारखाने असताना बेअरिंग आणि ग्रीस यांची उपमा मुलांना चटकन पटते. आरोग्यविषयक लेखांतही ती वारंवार भेटते. पण ती कितपत खरी आहे?

थोडी खरी आहे. सांध्यात घर्षण कमी करणारा द्राव असतो, हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि उतारवयात ती अनेकदा झिजते. आजीपुरती ही उपमा कशीबशी चालते. पस्तिशीतल्या आईचे सांधे सुजले, तर मात्र ती दिशाभूल करते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी सांधे तासाहून अधिक वेळ आखडलेले राहतात. द्राव आटत नाही, उलट जास्त साचतो. वंगण संपले असते तर असे झाले असते का?

खरे कारण सांध्याच्या अस्तरात आहे. तेथे जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. हे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोपच. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांचा निरोप मिळताच अस्तरातल्या पेशी कूर्चा तोडणारी विकरे सोडतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर येतो. इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे यकृतात पोचते. तेथे सीआरपी हे प्रथिन वाढते आणि तेच रक्ततपासणीत मोजले जाते. म्हणजे हा सांधा नुसता घासला जात नाही, आतून पोखरला जातो.

१९८९ मध्ये लंडनमध्ये मार्क फेल्डमन, रविंदर मैनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून टीएनएफ अडवला. तेव्हा इंटरल्यूकिन-१ ही घटले. १९९२ मध्ये हा उपाय रुग्णांवर प्रथम वापरला गेला.

मग ‘सायटोकाइन म्हणजे शत्रू’ असे शिकवावे का? तीही चूकच. टीएनएफ क्षयाच्या जंतूंना आवर घालतो. म्हणून तो अडवणारे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाला तर इंटरल्यूकिन-३ मुळे उंदरांतला संधिवात कमी होतो असे आढळले. निरोप आग लावणारेही असतात आणि विझवणारेही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण प्रौढांत दोनशेत सुमारे एक आढळले. अशा रुग्णाने ‘वंगण संपलं, तेल चोळू’ म्हणत महिने घालवले, तर तेवढ्यात हाडाची कायमची हानी सुरू होऊ शकते. लवकर उपचार मिळाले तर ती पुष्कळ रोखता येते.

उपमा टाकून देऊ नका. फळ्यावर एका बाजूला बेअरिंग, दुसऱ्या बाजूला सांधा काढा आणि उपमा नेमकी कोठे तुटते, ते मुलांनाच शोधू द्या.