कार्तियेचा तिसरा प्रवास आणि हॅक्लुटचा अनुवाद

सोळाव्या शतकातील फ्रेंच व इंग्रज यांच्या सागरी स्पर्धेचा इतिहास सामान्यतः जहाजे, किल्ले आणि तह यांच्या आधारे सांगितला जातो. या स्पर्धेचे एक अंग मात्र छापखान्यात घडले, आणि त्याची चिकित्सा हे राजकीय इतिहासकारापेक्षा साहित्यसमीक्षकाचे काम आहे. सेंत-मालो येथील झाक कार्तिये या फ्रेंच दर्यावर्द्याने १५३४, १५३५-३६ आणि १५४१-४२ अशा तीन वेळा सेंट लॉरेन्स नदीच्या प्रदेशात सफरी केल्या. त्यांपैकी तिसऱ्या सफरीचा मूळ फ्रेंच वृत्तांत उपलब्ध नाही. तो वाचावयाचा तर रिचर्ड हॅक्लुट याने १६०० साली लंडनमध्ये छापलेल्या इंग्रजी अनुवादातच वाचावा लागतो. आणि तोही अपुरा, कारण शेवटचा भाग हाती नसल्याचे हॅक्लुटने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. फ्रान्सच्या राजाने पुरस्कारलेल्या मोहिमेची साक्ष अशा रीतीने फ्रान्सच्या प्रतिस्पर्ध्याच्या भाषेत तेवढी शिल्लक राहिली.

इतर दोन वृत्तांतांचे भाग्यही फारसे सरळ नाही. दुसऱ्या सफरीचा वृत्तांत १५४५ साली पॅरिसमध्ये निघाला खरा. पण पहिल्या सफरीचा वृत्तांत प्रथम छापला गेला तो इटालियन भाषेत, रामूझिओच्या १५५६ च्या संग्रहात. या इटालियन पाठावरून जॉन फ्लोरिओने १५८० साली दोन्ही सफरी इंग्रजीत आणल्या, आणि त्यामागे प्रेरणा होती हॅक्लुटचीच. (हाच फ्लोरिओ पुढे माँतेन्यच्या निबंधांचा अनुवादक म्हणून अमर झाला.) फ्रेंच वाचकाला पहिली सफर आपल्या भाषेत मिळाली ती १५९८ साली, रुआँ येथे, आणि तीही परभाषेतून उलट आणलेली! फ्रेंच हस्तलिखित उजेडात येऊन छापले जाण्यास १८६७ साल उजाडावे लागले.

हॅक्लुट हा धर्मोपदेशक. १५८३ पासून तो पॅरिसमधील इंग्रज वकिलाच्या पदरी होता. फ्रेंच खलाशी, नकाशाकार आणि व्यापारी यांच्याकडून माहिती मिळविणे हा त्याचा तेथील खरा उद्योग होय. अमेरिकेत इंग्रजांनी वसाहती का कराव्यात याविषयीचा त्याचा प्रबंध १५८४ सालचा आहे. फ्लोरिडातील फसलेल्या फ्रेंच वसाहतीचा लोदोनियेरकृत इतिहास १५८६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, तो वॉल्टर रॅले या इंग्रजाला अर्पण होऊन. आणि पुढच्याच वर्षी हॅक्लुटने त्याचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला. रॅलेची माणसे त्या वेळी रोआनोक बेटावर वसाहत रुजविण्याच्या खटपटीत होती. फ्रेंचांची उपासमार, आपसांतील बंडाळी आणि स्थानिकांशी आलेले वितुष्ट या साऱ्यांतून इंग्रजांनी धडा घ्यावा, हा अनुवादाचा हेतू त्याने लपविलेला नाही.

येथे अनुवादाच्या मीमांसेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मूळाशी इमान राखणे हा अनुवादकाचा प्रथम धर्म आणि त्यात फेरफार करणे हे त्याचे पाप, असे आपण मानत आलो आहोत. हॅक्लुटने असे पाप केल्याचे दिसत नाही. बंदराची खोली, प्रवाहाचा वेग, झाडांच्या जाती, दोन स्थळांमधील अंतरे, सारे तो काटेकोरपणे देतो. १५३४ च्या जुलैत गास्पे येथे कार्तियेने फ्रान्सच्या राजाचा जयघोष कोरलेला तीस फूट उंचीचा क्रूस उभारला. प्रतिपक्षाच्या मालकीचा तो पुरावाही हॅक्लुटच्या संग्रहात जसाच्या तसा येतो. याचे कारण उदारपणा नव्हे. चुकीचा नकाशा जहाज बुडवितो, म्हणून माहितीचा अनुवाद प्रामाणिक असावाच लागतो. अर्थात हे इमान मूळ लेखकाशी नव्हते, ते नव्या वाचकाच्या गरजेशी होते. फ्रेंचमध्ये जे राजाला सादर केलेले निवेदन होते, ते शब्द न बदलता इंग्रजीत भांडवल गुंतविणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका बनले. अनुवादाची निष्पापता मूळाबरहुकूम असण्यावरून ठरविणारी आपली कसोटी या ठिकाणी अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे.

तिसऱ्या वृत्तांतातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १५३६ साली परतताना कार्तियेने स्तादाकोनाचा नायक दोनाकोना याला फसवून पकडले आणि एकूण दहा माणसे फ्रान्सला नेली. १५४१ पर्यंत एक लहान मुलगी वगळता ती सारी मरण पावली होती. वृत्तांताच्या आरंभीच तसे स्पष्ट म्हटले आहे. पुढे कार्तिये स्तादाकोनाला पोहोचतो, लोक आपल्या माणसांची चौकशी करतात, आणि तो सांगतो की दोनाकोना निवर्तला. बाकीचे मात्र तिकडे विवाह करून सरदारांसारखे राहत आहेत व त्यांना परत येण्याची इच्छा नाही. सत्य आणि असत्य काही पानांच्या अंतराने शेजारी उभे आहेत आणि निवेदक कोठेही अडखळत नाही. हे वृत्तांत कार्तियेने स्वतः लिहिले की दुसऱ्या कोणी, याविषयी मतभेद आहेत. पण लेखक कोणीही असो, ही थाप लपविण्याजोगी आहे असे त्याला वाटले नाही, आणि अनुवादकालाही वाटले नाही. गास्पेचा क्रूस ही केवळ बंदराची खूण आहे, असे दोनाकोनाला खुणांनी पटवून देणाऱ्याचीच ही पुढची पायरी होय.

या साऱ्या व्यवहारातील पहिले दुभाषी हॅक्लुट किंवा फ्लोरिओ नव्हेत. पहिल्या सफरीत पळवून नेलेले दोमागाया आणि तेन्योआन्यी हे दोनाकोनाचे मुलगे फ्रान्समध्ये फ्रेंच शिकले आणि पुढच्या वर्षी वाटाडे म्हणून परत आणले गेले. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या होशलागाकडे कार्तियेने जाऊ नये म्हणून ते अडथळे आणू लागताच वृत्तांतातला त्यांच्याविषयीचा सूर पालटतो आणि ते कपटी ठरतात. दोन्ही भाषा समजणारा माणूस दोन्ही पक्षांचे हेतूही समजतो, ही गोष्ट निवेदकाला खुपते. तेन्योआन्यीला खलपुरुष मानून हा भाग वाचण्याची जुनी रीत आहे. वस्तुतः साऱ्या वृत्तांतात परिस्थितीचे यथार्थ आकलन असलेला असा तोच आहे.

हॅक्लुटच्या संग्रहाशी मराठीचाही एक धागा जुळतो. ‘ख्रिस्तपुराण’कर्ता फादर स्टीफन्स याने १५७९ साली गोव्याहून आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र त्यात छापलेले आहे. वारे, प्रवाह आणि केपच्या वळशाचे त्यातील वर्णन इंग्रज खलाशांच्या उपयोगाचे होते. पुत्राने पित्याला लिहिलेला मजकूर हॅक्लुटच्या हाती दर्यावर्दी दस्तऐवज झाला. कार्तियेच्या वृत्तांताचे झाले ते याहून वेगळे नाही.

कार्तियेच्या पहिल्या दोन वृत्तांतांना स्तादाकोनाकडील भाषेच्या शब्दसूची जोडलेल्या आहेत: एकपासून दहापर्यंतचे आकडे, शरीराचे अवयव, काही पदार्थ, आणि गाव या अर्थी ‘कॅनडा’. आपल्या मुलखातून पळवून नेलेल्यांच्या तोंडून हे शब्द टिपले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. १६०३ साली शांप्लँ त्या तीरावर आला तेव्हा ते लोक तेथे राहिलेले नव्हते, आणि त्यांच्या भाषेची माहिती मुख्यत्वे या सूचींपुरतीच उरली आहे. फ्रेंच कानांनी ऐकलेले ते शब्द इटालियन आणि इंग्रजी खिळ्यांतून जाताना रूपे बदलत गेले. हॅक्लुटने तेही आपल्या पद्धतीप्रमाणे निष्ठेने छापले. मुद्रिते तपासणारा मात्र कोणी उरला नव्हता.